क्रूझ दारात, शहराच्या पदरात काय?

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की क्रूझचं जहाज जितकं मोठं तितकी ते ज्या शहरात थांबतं त्या शहराची पंचाईत मोठी. बस, एवढंच. त्यावर आलेल्या पत्रांचा ढीग बघून संपादक म्हणाले, आता अख्खा कॉलम यालाच दे. काही जण चिडलेत, काहींनी तिकीट काढून ठेवलंय म्हणून धास्तावलेत, आणि तिघा-चौघांचं तर घर किंवा दुकानच बंदरासमोर आहे, त्यांची पत्रं सगळ्यात वाचण्यासारखी. नावं गाळलीत, प्रश्न थोडे छाटलेत.

प्रश्न : ताई, आमचं घर बंदराच्या अगदी समोर, चौथ्या मजल्यावर. जहाज धक्क्याला लागलेलं असतं, कुठे जात नाही येत नाही, तरी दिवसभर घरघर चालू आणि धुरांड्यातून धूर. गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळे बारीक ठिपके पडतात, झटकायला गेलं की पसरतात. उभ्या जहाजाला इंजिन कशाला लागतं?

उत्तर : जहाज पुढे ढकलायला लागत नाही हे बरोबर, पण आत जे चाललंय ते थोडंच बंद होतं? तीन-चार हजार माणसांचा एसी, खोलीएवढे फ्रीज, स्वयंपाकघरं, लॉन्ड्री, लिफ्ट, स्विमिंग पूलचे पंप, सगळे प्रवासी खाली शहरात फिरायला गेले तरी हे चालूच. जहाजवाले याला हॉटेल लोड म्हणतात. मोठ्या जहाजाला नुसतं उभं राहायला सात-आठ मेगावॉट वीज सहज लागते, काहींना दहाच्या वर, म्हणजे एका छोट्या गावाला पुरेल एवढी, आणि ती जहाज स्वतःच्या जनरेटरवर बनवतं. तुम्हाला ऐकू येते ती घरघर त्या जनरेटरची आणि चादरीवर पडते ती त्याची काजळी.

आता इंधनाचं बघा. २०२० पर्यंत जगभर जहाजाच्या इंधनात ३.५ टक्के गंधक चालायचं, त्यानंतर मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली, आणि बाल्टिक, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा आणि १ मे २०२५ पासून अख्खा भूमध्य समुद्र इथे ०.१ टक्का. ऐकायला भारी वाटतं ना? पण बऱ्याच देशांत बस आणि गाड्यांच्या डिझेलमध्ये गंधक ०.००१ टक्का असतं. म्हणजे जहाजाचं सगळ्यात कडक नियमातलं इंधनसुद्धा तुमच्या दारावरून जाणाऱ्या बसच्या डिझेलपेक्षा शंभरपट गंधकवालं असू शकतं.

यावर उपाय आहे आणि तो काही नवा नाही, त्याला शोअर पॉवर म्हणतात, म्हणजे जहाजाला किनाऱ्यावरून वीज द्यायची आणि जनरेटर बंद करायचे. क्रूझ जहाजासाठी हे पहिल्यांदा अलास्कामधल्या जुनो बंदरात २००१ मध्ये केलं, तिथे धरणाची वीज होती म्हणून जमलं. मी एका बंदरात हे उभं राहून बघितलंय. धक्क्यावर एक क्रेनसारखा हात असतो, त्यावरून मनगटाएवढ्या जाड केबल लोंबतात, जहाजाच्या पोटात पाण्यापासून थोड्या उंचीवर एक दार उघडतं, आतून दोन माणसं हेल्मेट आणि जाड रबरी हातमोजे घालून वाट बघत असतात, केबल आत ओढतात, खटके लावतात, मग बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं कारण आत जहाजाची वीज आणि शहराची वीज एका ठेक्यात आणायचं काम चाललेलं असतं. आणि मग घरघर थांबते. तोपर्यंत ती आपल्या कानात किती बसली होती ते थांबल्यावरच कळतं, एकदम लाटा ऐकू यायला लागल्या.

मग सगळीकडे हे का नाही? कारण धक्क्यावर सबस्टेशन हवं, ६.६ किंवा ११ किलोव्होल्टची सोय हवी, जहाजावर तसा सॉकेट हवा, आणि खर्च कोणी करायचा यावर बंदर आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. युरोपियन युनियनने आता २०३० पासून मोठ्या बंदरांत प्रवासी जहाजांना हे सक्तीचं केलंय. शहराची वीज कोळशाची असेल तर धूर तिकडच्या वीजकेंद्रावर निघणार हेही खरंय, तरी निदान तुमच्या गॅलरीत नाही. तुमच्या बंदरात केबल आली आहे का आणि आली असेल तर किती जहाजं ती खरंच लावतात, हे दोन वेगळे आकडे मागा. उद्घाटनाच्या फोटोत पहिला असतो, दुसरा कोणी देत नाही.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पुढे परत परत लागणार आहे. केबल लावली की धूर जातो, गर्दी जात नाही. ही दोन खाती वेगळी आहेत. क्रूझवाले कायम पहिल्या खात्यातली जमा दाखवून दुसऱ्या खात्यावरचं बोलणं टाळतात आणि शहरंही त्याला भुलतात.

प्रश्न : माझं बंदराच्या रस्त्यावर छोटं दुकान आहे. सीझनमध्ये रोज तीन-चार हजार लोक समोरून जातात, सगळे म्हणतात तुझी तर चांदी आहे. चांदी कसली हो, लोक येतात, वस्तू हातात घेतात, फोटो काढतात, ठेवून देतात. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : दादा, तुमचं काही चुकत नाहीये, मी स्वतः त्या गर्दीतली एक होते म्हणून सांगते. एका क्रूझवर गेले होते, सकाळी आठला जहाज लागलं. आधी वर पोटभर नाश्ता केला कारण तो तिकिटात होता, पाण्याची बाटली वरच भरून घेतली, शेजारच्या बाईंनी तर दोन सँडविच रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले. मग रांग, मग कार्ड मशीनवर टेकवलं की टुक आवाज, मग खाली. संध्याकाळी साडेचारला परत यायचं होतं आणि साडेपाचला जेवण तयार, तेही तिकिटात. मधल्या वेळात मी काय खर्च केला ते परत आल्यावर आठवून बघितलं तर फ्रीजला लावायचं एक मॅग्नेट आणि दोन कॉफी, त्यातली दुसरी कॉफी खरं तर बाथरूमसाठी घेतली होती. आणि मी काही कंजूष बाई नाही हो, सुट्टीवर गेलं की माझा हात सुटतो! पण भूकच नसेल आणि झोपायला खोलीच नको असेल तर माणूस खर्च करणार कशावर?

आता जे लोक टूर घेतात त्यांचं बघू. टूर बऱ्याचदा जहाजावरच विकली जाते, कंपनी त्यातला मोठा वाटा ठेवते, उरलेल्यात बसवाला, गाइड, तिकीट सगळं बसवायचं. शिवाय जहाजावर ‘खरेदीचा नकाशा’ म्हणून एक कागद देतात, त्यावर ठराविक दुकानं ठळक छापलेली असतात, आणि त्या यादीत यायला दुकानदाराने पैसे मोजलेले असतात. प्रवाशाला वाटतं जहाजाने तपासून सांगितलंय, म्हणून तो तुमच्यासमोरून नाक सरळ ठेवून चार दुकानं पुढे जातो.

यात एक फरक मात्र लक्षात ठेवा. ज्या बंदरात प्रवास सुरू होतो आणि संपतो त्याला होमपोर्ट म्हणतात, आणि जिथे जहाज नुसतं सात-आठ तास टेकून पुढे जातं ते पोर्ट ऑफ कॉल. होमपोर्टला लोक आदल्या रात्री येऊन हॉटेलात राहतात, टॅक्सी घेतात, बाहेर जेवतात, जहाज इंधन-पाणी भरतं, थोडाफार माल घेतं (थोडाफारच, कारण बरंचसं सामान कंपनीच्या गोदामातून कंटेनर भरून येतं). पोर्ट ऑफ कॉलला येतात फक्त पाय. तुमच्या शहरात जहाज रात्री उशिरापर्यंत थांबलं तर लोक जेवायला बाहेर पडतात, तुमच्या व्यापारी संघटनेने मागायचं असेल तर जास्त जहाजं मागू नका, जास्त तास मागा. त्याच चार हजार लोकांचे तास दुप्पट झाले तर तुमच्या गल्ल्यात जो फरक पडेल तो आणखी चार हजार लोक कोंबून पडणार नाही.

कॅरिबियनमध्ये तर कंपन्यांनी आपापली खासगी बेटं घेऊन ठेवलीत, तिथे खुर्चीही कंपनीची, सरबतही कंपनीचं. प्रवाशाने खाली उतरूनसुद्धा पैसा जहाजाबाहेर पडू नये याची पक्की सोय. तिथल्या दुकानदारांची पत्रं मला आली नाहीत, पण आली असती तर तुमच्यासारखीच असती.

प्रश्न : नवीन जहाजं एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालतात, म्हणजे ती ग्रीन झाली ना? जाहिरातीत तर तसंच म्हणतात.

उत्तर : धुराच्या बाबतीत हो, गंधक जवळजवळ नाही, काजळी खूप कमी, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या वरच्या वाचकाची चादर नक्की वाचेल. हवामानाच्या बाबतीत गडबड आहे. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि इंजिनात तो सगळा जळत नाही, थोडा तसाच निसटून धुरांड्यातून वर जातो. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपटीहून जास्त ऊब धरून ठेवतो, त्यामुळे थोडा निसटला तरी कमावलेलं बरंच घालवून बसतो. जानेवारी २०२४ मध्ये निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ एलएनजीवर चालतं, ३६५ मीटर लांब आणि पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी, वर दोन हजारावर कर्मचारी. समजा याच्या धुरांड्यातून गुलाबपाणी निघालं तरी ७,६०० माणसं एका सकाळी एका गावात उतरतात तेव्हा त्या गावाचं काय, हा प्रश्न राहतोच की.

जुन्या जहाजांचा एक वेगळाच खेळ आहे, स्क्रबर. स्वस्त, गंधकवालं इंधनच जाळायचं आणि धुरावर समुद्राचं पाणी फवारून गंधक धुऊन काढायचं. हवा स्वच्छ, कागद स्वच्छ. धुतलेलं पाणी जातं कुठे? ओपन लूप प्रकारात सरळ समुद्रात, आम्ल झालेलं, त्यात जड धातू आणि तेलाचे विषारी अंश. घर झाडून केर शेजाऱ्याच्या दारात, दुसरं काय. डेन्मार्क आणि स्वीडनने जुलै २०२५ पासून आपल्या पाण्यात ओपन लूप बंद केलंय.

प्रश्न : एवढ्या लोकांच्या संडासाचं पाणी समुद्रात सोडतात म्हणे, खरं आहे का? विचारायला लाज वाटते.

उत्तर : लाज कसली, सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न आहे हा. मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याप्रमाणे प्रक्रिया न केलेलं मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, जहाज चालत असताना हळूहळू सोडायला परवानगी आहे. बारीक करून निर्जंतुक केलेलं असेल तर ३ मैलांच्या पलीकडे. मान्य असलेलं शुद्धीकरण यंत्र असेल तर आणखी जवळ. आता बऱ्याच नवीन जहाजांवर चांगली यंत्रं असतात आणि काही ठिकाणी, उदाहरणार्थ अलास्का आणि बाल्टिक, नियमही कडक आहेत. पण आंघोळीचं, बेसिनचं, लॉन्ड्रीचं पाणी, ज्याला ग्रे वॉटर म्हणतात आणि जे मैलापाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्याबद्दल मार्पोलमध्ये नियमच नाही. प्लास्टिक मात्र कुठेही, कधीही, एक पिशवीसुद्धा टाकायची नाही.

नियम असून काय होतं त्याचंही एक उदाहरण आहे. प्रिन्सेस क्रूझेस या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत ४ कोटी डॉलर दंड झाला, कारण त्यांच्या जहाजावर तेलकट पाणी शुद्धीकरण यंत्राला बगल देऊन सरळ समुद्रात सोडायला एक पाइप जोडलेला होता. खलाशांच्या भाषेत त्याला मॅजिक पाइप म्हणतात, म्हणजे बघा, प्रकार इतका सवयीचा की त्याला नाव पडलंय. पकडलं कसं? जहाजावरच्या एका नव्या इंजिनिअरने तो पाइप पाहिला आणि नोकरी सोडून बंदरात उतरून तक्रार केली. इन्स्पेक्टर, उपग्रह सगळं ठीक आहे, शेवटी एका माणसाला झोप लागली नाही म्हणून उघड झालं.

प्रश्न : जहाजावर आता प्लास्टिकच्या स्ट्रॉ बंद केल्यात, कागदी देतात. त्याने किती फरक पडतो?

उत्तर : सरबत संपायच्या आत स्ट्रॉ मऊ पडते एवढा.

प्रश्न : कुठल्या शहरांनी क्रूझवर बंदी घातली आहे आणि त्याचा फायदा झाला का? मला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवंय पण खरंच उत्सुकता पण आहे.

उत्तर : बंदी हा शब्द बातम्यांत फार सैल वापरतात, प्रोजेक्टमध्ये तू तसा वापरू नकोस. व्हेनिसचं घे. जून २०१९ मध्ये तिथे एक मोठं क्रूझ जहाज ताबा सुटून धक्क्यावर आणि एका पर्यटक बोटीवर आदळलं, लोक जखमी झाले, त्याआधीही वर्षानुवर्षं ‘मोठी जहाजं नकोत’ म्हणून आंदोलन चालू होतंच. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनांपेक्षा मोठी, १८० मीटरपेक्षा लांब किंवा ३५ मीटरपेक्षा उंच जहाजं सान मार्को चौकासमोरून आणि ज्युडेक्का कालव्यातून जाणं बंद झालं. जगभर हेडलाइन, व्हेनिसमध्ये क्रूझ बंद! प्रत्यक्षात जहाजं खाडीतल्याच मार्गेरा या औद्योगिक बंदराकडे वळवली, काही जवळपासच्या इतर बंदरांत गेली, आणि प्रवासी बसने परत त्याच गल्ल्यांत. जुन्या इमारतींच्या पायाला लागणारा धोका गेला, तो मोठा फायदाच, डोळ्यासमोरून दहा-पंधरा मजले सरकत जाण्याचा तमाशा गेला. गर्दी राहिली. म्हणून तर २०२४ मध्ये त्यांना एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून ठराविक दिवशी ५ युरो प्रवेश फी सुरू करावी लागली. जुन्या शहरात १९५१ मध्ये पावणेदोन लाख माणसं राहायची, आता ५० हजारांच्या खाली. ती सगळी क्रूझने घालवली नाहीत, घरं पर्यटकांना भाड्याने द्यायचा धंदा त्याला जास्त जबाबदार आहे, हे पण लिही नाहीतर एकतर्फी होईल.

मला विचारशील तर व्हेनिसपेक्षा क्रोएशियातलं डुब्रॉव्हनिक आणि अलास्कामधलं जुनो जास्त अभ्यासण्यासारखी आहेत, कारण त्यांनी जहाज नको असं म्हटलंच नाही, आकडा ठरवला. डुब्रॉव्हनिकचं जुनं शहर म्हणजे तटबंदीच्या आतला छोटासा भाग, आत जायला मोजकीच दारं. तीन-चार जहाजं एकाच सकाळी लागली की त्या दारात अक्षरशः माणसं अडकायची. २०१९ पासून त्यांनी क्रूझ कंपन्यांशी बसून ठरवलं की एका वेळी दोनच जहाजं आणि साधारण ४,००० प्रवासी. आणि वेळापत्रक असं लावायचं की दोन्ही एकदम रिकामी होणार नाहीत. हे वेळापत्रकाचं कोणाला फार ग्लॅमरस वाटत नाही पण निम्मं दुखणं तिथेच आहे. हिशोब करून बघ, ३,००० माणसं पन्नास सीटच्या बसमध्ये घातली तर ६० बस, त्या नऊ वाजता एकदम सुटल्या तर रस्ता तुंबणार, नऊ ते बारामध्ये सुटल्या तर कोणाला पत्ता लागणार नाही.

जुनोची वस्ती ३२ हजारांच्या आसपास, आणि २०२३ च्या एका सीझनमध्ये क्रूझचे प्रवासी १६ लाखांहून जास्त. लोक वैतागले, पण अर्ध्या घरांची चूलही त्यावरच. मग २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असं ठरलं, तरी जहाजं मोठी मोठी होत चालली, म्हणून पुढचा करार माणसांवर आला, २०२६ पासून दिवसाला १६,००० आणि शनिवारी १२,००० खाटांची (म्हणजे जहाजावरच्या प्रवाशांच्या जागांची) मर्यादा. हे बारकाव्याने बघ, जहाजं मोजणं आणि माणसं मोजणं यात फरक आहे, पाच जहाजं म्हणजे दहा हजार पण होतात आणि पंचवीस हजार पण. २०२४ मध्ये शनिवारी एकही मोठं जहाज नको असं मतदान पण झालं तिथे, ते पडलं. म्हणजे लोकांना क्रूझ हवी आहे, बेसुमार नको आहे.

बाकीचं पटापट सांगते. बार्सिलोनाने २०३० पर्यंत क्रूझ टर्मिनलांची संख्या ७ वरून ५ वर आणायचं ठरवलंय. ॲमस्टरडॅमने वर्षाला १९० जहाजांवरून २०२६ पासून १०० वर. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्मामध्ये दिवसाला तीन, त्यातलं एकच खूप मोठं. अलास्काच्या ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये तर कधीपासूनच दिवसाला दोनच क्रूझ जहाजं सोडतात आणि त्या परवानगीसाठी कंपन्या रांगेत उभ्या असतात, म्हणजे आकडा लावला की कंपन्या पळून जातात ही भीती किती खरी ते बघ.

आणि हरलेल्यांचंही लिही. फ्लोरिडामधल्या की वेस्टच्या लोकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मत देऊन मोठी जहाजं बंद केली, पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ते मतदानच निकालात काढलं. मेन राज्यातल्या बार हार्बरने २०२२ मध्ये दिवसाला १,००० प्रवासी असं ठरवलं तर धंदेवाल्यांनी कोर्टात खेचलं, गाव वर्षानुवर्षं वकिलांच्या फिया भरतंय. बंदर शहरात असतं पण ते नेहमी शहराचं असतंच असं नाही, तुझ्या प्रोजेक्टचं खरं प्रकरण मला विचारशील तर हेच आहे.

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही सगळ्यांनी मिळून क्रूझ बुक केली आहे, बाबांना गुडघ्यांमुळे दुसरी कुठली ट्रिप झेपत नाही. आता माझी मुलगी म्हणते क्रूझ म्हणजे पाप आहे, मी येणार नाही. काय करू?

उत्तर : आधी आईबाबांना नमस्कार सांगा. मुलीचं चूक नाहीये, आयसीसीटी नावाची स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणारी संस्था आहे, तिने २०२२ मध्ये हिशोब मांडला होता की चांगल्यातलं चांगलं क्रूझ जहाजसुद्धा दर माणशी दर किलोमीटर विमानापेक्षा जास्त कार्बन सोडतं, आणि बहुतेक लोक जहाजापर्यंत विमानानेच जातात ते वेगळंच. पण गुडघ्यांचंही चूक नाहीये. सामान एकदाच उघडायचं, जिना नाही, व्हीलचेअर सगळीकडे जाते, म्हाताऱ्या माणसांना क्रूझ का आवडते हे मी जवळून बघितलंय, त्यांना पाप वगैरे म्हणवत नाही मला.

जाताय तर एवढं करा. लहान जहाज मिळत असेल तर बघा. बंदरात उतरल्यावर जहाजाची टूर न घेता तिथल्या गाइडला आधीच गाठा, फक्त परतायची वेळ एक तास अलीकडची धरा कारण स्वतःहून गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. जेवण एकदा तरी खाली उतरून जेवा, तिकिटात फुकट आहे तरीही. आणि मुलीला सांगा तू ये आणि वरून दिवसभर धुरांड्याकडे बघून मला लिहून पाठव, छापते.

प्रश्न : आमच्या शहरात नवीन क्रूझ टर्मिनल येतंय. सुनावणी आहे, तीन मिनिटं बोलायला मिळणार. मी विरोधात नाही पण डोळे झाकून हो पण म्हणायचं नाही. काय विचारू?

उत्तर : तीन मिनिटं पुष्कळ झाली. विकास, पर्यावरण, पुढची पिढी यात एक मिनिटही घालवू नका, समोरचे त्यावर मान डोलवतात आणि चहा पितात.

पहिलं विचारा की दिवसाला जास्तीत जास्त किती माणसं उतरतील. वर्षाची एकूण संख्या सांगतील, ती घेऊ नका, सरासरी पण नको, सगळ्यात गर्दीच्या दिवसाचा आकडा मागा. शहराला ताप होतो तो त्या दिवशी. आणि तो आकडा धक्का बांधायच्या आधी कागदावर यायला हवा. एकदा मोठा धक्का बांधला की कर्ज फेडायला जहाजं लागतात, मग बोलून उपयोग नाही. कॅरिबियनमधल्या केमन बेटांवर लोकांना २०२५ मध्ये मतदानात हाच प्रश्न होता, क्रूझसाठी धक्का बांधायचा का, बहुतेकांनी नको म्हटलं. आधी विचारलं म्हणून सांगता तरी आलं.

दुसरं, गाळ काढणार किती आणि टाकणार कुठे. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं, खोदकामाने पाणी गढूळ होतं, मासेमारी करणाऱ्यांना त्याचा फटका आधी बसतो आणि सुनावणीला ते बहुतेक वेळा समुद्रात असतात. तुम्ही त्यांच्या वतीने विचारा.

तिसरं, शोअर पॉवर पहिल्या दिवसापासून आहे की ‘भविष्यात तरतूद’ आहे. तरतूद म्हणजे जमिनीत रिकामा पाइप.

मग पैसे. दर प्रवाशामागे शहराला किती मिळणार, बंदराला नव्हे, शहराला, ज्यातून कचरा, पाणी, रस्ते, सार्वजनिक संडास होतात. ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला गर्दीच्या दिवसांत उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे २० युरो लावलेत, आणि जहाजं येतायतच. तुमच्याकडे फी लावली तर कंपन्या शेजारच्या बंदरात जातील असं कोणीतरी म्हणेलच, तेव्हा शेजारच्या बंदराशी बोलणी झाली आहेत का तेही विचारा, कारण दोघांनी एकच फी ठेवली तर कंपनीने पळायचं कुठे.

शेवटचं आणि हे कोणी विचारत नाही. कंपनीबरोबरचा करार किती वर्षांचा आहे आणि त्यात शहराने आकडा कमी केला तर भरपाई द्यायचं कलम आहे का. ते कलम असेल तर वरचं सगळं विचारून काही हाती लागणार नाही. उत्तर तोंडी देतील, लेखी मागा, आणि तुमचे प्रश्नही लेखी देऊन त्याची पोच शिक्का मारून घ्या. सुनावणी झाल्यावर काय झालं ते कळवा.